परदेशातून घरचा व्हीपीएन लागत नाही, म्हणजे नेमकं काय अडलंय?

घरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या वायरगार्ड या व्हीपीएनचं ॲप उघडलं, बटण सरकवलं, फोनच्या माथ्यावर किल्लीचं चिन्ह आलं. आता घरचा कॅमेरा दिसायला हवा. पण कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये चकती गरगरत राहते आणि शेवटी 'डिव्हाइस ऑफलाइन' येतं. परदेशी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात यात अडकणारे पुष्कळ असतात, आणि तक्रार ठरलेली: "व्हीपीएन कनेक्ट होतोय, पण काही चालत नाही."

बहुतेकदा तो कनेक्ट झालेलाच नसतो. त्या किल्लीचा अर्थ एवढाच, की फोन आपल्या बाजूने टनेलमध्ये, म्हणजे घरापर्यंतच्या खासगी वाटेत, डेटा टाकायला तयार आहे. पलीकडे घरचा राउटर ऐकतोय की नाही, हे तिला ठाऊक नसतं. वायरगार्डची रचनाच तशी आहे. जोडणी झाली किंवा तुटली असं तो स्वतःहून सांगत नाही. पाठवायला काही आलं की पाठवतो, उत्तर नाही आलं तर गप्प बसतो.

इथे विषय आहे तो घरच्या व्हीपीएनचा, म्हणजे आपल्याच राउटरवर किंवा त्याच्यामागे ठेवलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आपणच बसवलेल्या सर्व्हरचा. तुम्ही असता फ्रँकफर्टला, पण इंटरनेटला वाटतं की कोथरूडच्या हॉलमध्ये बसलाय. हा खटाटोप करायची कारणंही घरगुतीच असतात. काही बँकांची आणि सरकारी संकेतस्थळं परदेशी आयपीला, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याला, दारातूनच परत पाठवतात. घरच्या नासवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यात, दहा वर्षांचे फोटो असतात. आईबाबा दोघंच राहतात, म्हणून दारात कॅमेरा बसवलेला असतो. विकतचा व्हीपीएन घेऊन त्यातला भारतातला सर्व्हर निवडणं हा पूर्वी सोपा मार्ग होता. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी ५ वर्षं ठेवायला सांगितलं आणि एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हरच बंद केले. तेव्हापासून स्वतःच्या घराचा आयपी वापरण्याकडे लोकांचा ओढा वाढला. घरचा कॅमेरा किंवा नास तर विकतच्या व्हीपीएनमधून कधीच दिसणार नव्हता.

आधी आकडे बघा

वायरगार्डच्या ॲपमध्ये टनेलच्या नावावर टॅप केलं की तीन गोष्टी कळतात: किती डेटा गेला, किती आला, शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन्ही टोकांची ओळखीची देवाणघेवाण, कधी झाला. कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी या जागी मिनिटभर नुसतं बघत बसा.

वायरगार्डची पहिली हाक १४८ बाइटची असते. उत्तर आलं नाही तर साधारण दर ५ सेकंदांनी तो तीच हाक पुन्हा मारतो. म्हणून 'गेलेला' आकडा १४८, २९६, ४४४ असा चढत जात असेल, 'आलेला' शून्यावरच असेल आणि हँडशेकची ओळच दिसत नसेल, तर घरून एकही उत्तर आलेलं नाही. अशा वेळी डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) बदलून बघणं, ॲप काढून पुन्हा टाकणं, फोन रीस्टार्ट करणं यात वेळ घालवू नका. अडचण रस्त्यात आहे, किंवा घरी.

हँडशेक झालेला दिसतोय, डेटा चालू असताना दर दोन मिनिटांनी तो ताजाही होतोय आणि तरी काही उघडत नाही, हे दुखणं वेगळं. रस्ता मोकळा आहे, घरात शिरल्यावर पुढे कुठे जायचं याचा घोळ आहे. आणि हँडशेक आहे, व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण बँकेचं पान अर्धं उघडून लटकतं, हे तिसरं. तिथे पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या तुकड्यांच्या, आकाराकडे बघायचं.

वायरगार्डऐवजी ओपनव्हीपीएन हा दुसरा व्हीपीएन वापरणाऱ्यांना पहिलं दुखणं जरा स्पष्ट कळतं. मिनिटभराने लॉगमध्ये 'टीएलएस की निगोशिएशन फेल्ड टू अकर विदिन ६० सेकंड्स' अशी ओळ येते. ती वाचून लोक प्रमाणपत्रं आणि किल्ल्या तपासत बसतात. पण बहुतेक वेळा तिचा अर्थ तोच: घरून उत्तर नाही.

'पोर्ट (राउटरचं नंबरवालं दार) उघडं आहे का' सांगणाऱ्या संकेतस्थळांवर मात्र इथे भिस्त ठेवू नका. डेटा पाठवायच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन पद्धतींपैकी ती बहुतेक टीसीपीचे पोर्ट तपासतात. वायरगार्ड चालतो यूडीपीवर, सहसा ५१८२० नंबरच्या पोर्टवर, आणि अनोळखी पॅकेटला तो मुद्दामच उत्तर देत नाही. सगळं सुरळीत असतानाही ही संकेतस्थळं 'बंद' सांगतील.

घरून उत्तरच नाही

सगळ्यात आधी घरी फोन लावा. तंत्रज्ञानाचा अभिमान बाजूला ठेवून.

"आई, टीव्हीखालच्या पांढऱ्या डब्यावर लाल दिवा लागलाय का, बघ ना."

"चार दिवे आहेत. एक लाल आहे. तो नेहमीच असतो का रे?"

"त्याच्याखाली एलओएस लिहिलंय का?"

"थांब, चष्मा आणते."

एलओएसचा दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. कुठेतरी केबल तुटली आहे किंवा डब्यामागचं पिन सैल झालंय. तिथे व्हीपीएनचा विषय संपला, कंपनीकडे तक्रार नोंदवायची. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल तर निदान लाइन जिवंत आहे.

विजेचा भाग वेगळाच. घरात इन्व्हर्टर असतो, पण राउटरचा प्लग ज्या पॉइंटला आहे तो इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे की नाही, हे कोणी बघितलेलं नसतं. त्यात फायबरचा डबा एका कोपऱ्यात आणि राउटर दुसऱ्या, म्हणजे दोन ॲडॉप्टर. एक इन्व्हर्टरवर, एक नाही. राउटरसाठीचे छोटे १२ व्होल्टचे यूपीएस आता सर्रास मिळतात. दोन्ही डब्यांना ते लावणं हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात वसूल होणारा खर्च आहे. मात्र रास्पबेरी पायला ५ व्होल्ट लागतात, ती १२ च्या पिनला लावायची नाही.

वीज जाऊन आल्यावरची एक गंमत ओपनव्हीपीएनवाल्यांनी लक्षात ठेवावी. बऱ्याच राउटरमध्ये घड्याळासाठी सेल नसतो. चालू होताना ते एखादी जुनीच तारीख धरतात आणि इंटरनेट मिळाल्यावर दुरुस्त करतात. ती दुरुस्त झाली नाही तर राउटरच्या लेखी तुमचं प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही', आणि तो तुम्हाला बाहेर ठेवतो. उलटही होतं: ईझी-आरएसए या साधनाने बनवलेलं प्रमाणपत्र मूळ सेटिंगमध्ये ८२५ दिवस चालतं, म्हणजे सव्वादोन वर्षांनी, कुणी काही न बदलता, व्हीपीएन एका सकाळी बंद पडतो.

घर जागं आहे, वीज आहे, तरी उत्तर नाही. आता पत्ता तपासायचा. त्यासाठी तीन आकडे मिळवा. घरच्या वाय-फायवरच्या फोनमध्ये गुगलला 'व्हॉट इज माय आयपी' विचारलं की एक आयपी दिसतो, तो पहिला. त्या फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करायला सांगा, नाहीतर सिमचा आयपी दिसेल. राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) असतो, तो दुसरा. तुमच्या डीडीएनएस नावाला (बदलत्या आयपीमागे चालणाऱ्या कायमच्या नावाला) विचारल्यावर येतो तो तिसरा. तीनही स्क्रीनशॉट शेजारी ठेवा.

पहिले दोन सारखे आणि तिसरा वेगळा असेल, तर डीडीएनएस अडकलंय. वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला, कंपनीने नवा आयपी दिला आणि नावाच्या नोंदीत जुनाच राहिला. नो-आयपी या डीडीएनएस सेवेच्या फुकट नावाला दर ३० दिवसांनी 'हो, हवंय' असं कळवावं लागतं; तो ईमेल प्रमोशनच्या टॅबमध्ये पडून असतो. शिवाय वायरगार्ड नावाचा आयपी साधारणपणे टनेल चालू करतानाच विचारतो. म्हणून नोंद दुरुस्त झाल्यावर टनेल एकदा बंद करून चालू करा.

पहिले दोनच एकमेकांशी जुळत नसतील, तर भारतातल्या घरांचं खरं दुखणं तुम्हाला सापडलं.

सीजीनॅट

जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण ४२९ कोटी आणि काही लाख. जगभरात वाटण्यासाठी राखलेला मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. आशिया-पॅसिफिकचं वाटप करणारी एपनिक ही संस्था त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आली; पाच प्रादेशिक संस्थांमध्ये ती पहिली. भारतात घरोघरी इंटरनेट पोचलं ते मुख्यतः त्यानंतर. जिओची मोबाइल सेवा २०१६ ची, घरातलं फायबर त्याच्याही नंतरचं. म्हणजे पंगत बसली तेव्हा भांडं जवळजवळ रिकामं झालं होतं. कंपन्यांनी मग एकेका पत्त्यामागे अनेक घरं बसवली. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये पत्त्यांची एक खास पट्टी राखून ठेवली गेली: १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंत.

मोठ्या ऑफिसातल्या ईपीएबीएक्सचा विचार करा. तुमच्या टेबलावरच्या फोनवरून शून्य लावून जगात कुठेही फोन करता येतो, समोरच्याला ऑफिसचा बोर्ड नंबर दिसतो. पण बाहेरच्या माणसाला थेट तुमचं २१७ नंबरचं एक्स्टेंशन लावता येत नाही. तो बोर्डापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो, कारण फोन कुणाला जोडायचा हे सांगायला ऑपरेटर नाही. सीजीनॅटमागच्या घराचं असंच आहे. युट्यूब, ओटीटी, व्हिडिओ कॉल सगळं चालतं, कारण सुरुवात घरातून होते आणि उत्तर त्याच मागावर परत येतं. व्हीपीएन सर्व्हर तेवढा चालत नाही, कारण त्याला बाहेरून हाक यायला हवी.

यातली चिडचिड अशी, की तुमच्या राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक सर्व्हरकडे वळवण्याची सोय) अगदी बरोबर असतं. पंधरा वेळा तपासलं तरी बरोबरच निघतं. हाक तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही, ती कंपनीच्या यंत्रावरच विरते. राउटर बदलून, फर्मवेअर बदलून, पोर्ट बदलून यात काडीचा फरक पडत नाही.

ओळखायचं कसं? राउटरचा वॅन आयपी १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर शंकाच नको. १० ने सुरू होत असेल तरी बहुधा तेच. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मात्र थोडी आशा आहे. कंपनीचा फायबरचा डबा स्वतःच राउटर बनून बसलाय आणि तुम्ही हौसेने घेतलेला राउटर त्याच्यामागे आहे, म्हणजे एकाऐवजी दोन नॅट (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणाऱ्या पायऱ्या). डबा ब्रिज मोडमध्ये (नुसता पूल, राउटर नाही) टाकायला कंपनीला सांगा, किंवा डब्यावरही पोर्ट फॉरवर्ड करा. त्याआधी डब्याच्या स्वतःच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी बघा. तोही १०० चा निघाला तर ही आशाही संपली. फाइव्ह-जीवर चालणारं वायरलेस ब्रॉडबँड असेल तर सीजीनॅट जवळजवळ गृहीतच धरा.

कंपनीकडे आयपी मागताना 'स्टॅटिक' एवढंच म्हणू नका, 'पब्लिक' म्हणा. स्टॅटिक म्हणजे न बदलणारा, पब्लिक म्हणजे बाहेरून गाठता येणारा. आपली गरज दुसऱ्याची आहे. तो बदलता असला तरी डीडीएनएस सांभाळून घेतं. काही कंपन्या जादा पैसे घेऊन देतात, काही फक्त व्यावसायिक जोडणीवर देतात, आणि कॉल सेंटरवरच्या मुलाला हा शब्द दोनदा समजावून सांगावा लागतो. त्यापेक्षा भागातल्या लाइनमनला विचारलं तर उत्तर लवकर मिळतं.

आता एक फसवी गोष्ट, जिच्यामुळे भलेभले गाफील राहतात. निघायच्या आधी घरीच चाचणी केली जाते: वाय-फाय बंद, मोबाइल डेटा चालू, व्हीपीएन लागला, बॅग भरली. परदेशात उतरल्यावर तोच व्हीपीएन मुका. भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) मोठ्या प्रमाणावर चालतं; त्यात भारत जगात आघाडीवर आहे. घरच्या फायबरलाही ते मिळालेलं असतं आणि आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांचा तुटवडा नसल्याने सीजीनॅट लागत नाही. डीडीएनएसमध्ये दोन्ही पत्ते नोंदलेले असतील तर घरच्या चाचणीत तुमचा फोन गुपचूप आयपीव्ही६ ने गेलेला असतो. हॉटेलच्या वाय-फायवर आयपीव्ही६ सहसा नसतं, मग फोन जुन्या पत्त्याने जायला बघतो आणि सीजीनॅटवर आपटतो. उपाय याच निदानात दडलाय: तिथल्या ज्या सिमवर आयपीव्ही६ मिळतं ते वापरा, काम होईल. मात्र घरच्या राउटरच्या फायरवॉलमध्ये आयपीव्ही६ साठी तो पोर्ट उघडलेला हवा. तो नियम वेगळा लिहावा लागतो.

तुमच्याकडची बाजू

घर ठीक असेल तर हॉटेलवर संशय घ्या. हॉटेल, विमानतळ, विद्यापीठाची वसतिगृहं इथे यूडीपी अडवणं नवीन नाही. चाचणी सोपी: त्याच खोलीत, त्याच फोनवर, वाय-फाय बंद करून स्थानिक सिमने प्रयत्न करा. लागला तर दोष वाय-फायचा. अशा जागांसाठी ओपनव्हीपीएनची दुसरी वाट टीसीपी ४४३ वर ठेवणं शहाणपणाचं. तोच पोर्ट सगळी सुरक्षित संकेतस्थळं वापरतात, त्यामुळे तो सहसा कुणी बंद करत नाही. वेग थोडा कमी मिळतो.

ही चाचणी भारतातल्या सिमच्या रोमिंगवर करू नका. रोमिंगमध्ये तुमचा डेटा साधारणपणे भारतातल्या कंपनीकडे परत येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. म्हणजे तुम्ही लंडनमध्ये असलात तरी आयपी भारतीयच दिसतो. स्थानिक नेटवर्क काय अडवतंय ते त्यातून कळणार नाही. पण बँकेचं एखादं पान एकदाच उघडायचं असेल तर हीच गोष्ट कामाची आहे: रोमिंगचा दिवसाचा पॅक घ्या, व्हीपीएनच्या नादी लागूच नका. प्रवासासाठी विकत मिळणाऱ्या ई-सिमचा डेटाही कधीकधी तिसऱ्याच देशातून बाहेर पडतो, तेव्हा 'मी कुठे आहे' हे फोनच्या सांगण्यावर मानू नका, तपासून बघा.

हँडशेक होतो, पण पुढे काही नाही

इथलं सगळ्यात सामान्य कारण ऐकून हसू येतं. घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१. भाड्याच्या फ्लॅटमधल्या राउटरचा पत्ताही १९२.१६८.१.१. टनेल चालू करून लॅपटॉपवर घरचा राउटर उघडायला जावं, तर समोर येतं जर्मन भाषेतलं लॉगिन पान, घरमालकाच्या राउटरचं. लॅपटॉपला जवळचा रस्ता आधी दिसतो, तो दूरच्या घरी कशाला जाईल? घरचं नेटवर्क निघण्याआधीच १९२.१६८.१४७ किंवा १०.७३.४१ अशा कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या पट्टीवर हलवा. परदेशातून हे करायला जाऊ नका, कॅमेरे, प्रिंटर, नास सगळ्यांचे पत्ते बदलतील आणि फोनवरून ते निस्तरणं आईबाबांच्या माथी येईल. आत्तापुरता उपाय म्हणून फोनचा हॉटस्पॉट वापरून बघा. त्याची पट्टी बहुधा वेगळी असते.

दुसरं कारण 'अलाउड आयपीज' नावाच्या रकान्यात असतं. त्यात फक्त घरची पट्टी लिहिली असेल तर कॅमेरा दिसेल, पण बँकेला तुम्ही फ्रँकफर्टमध्येच दिसाल. सगळंच घरून जायला हवं असेल तर तिथे ०.०.०.०/० हवं. आणि सगळं घरून पाठवायचं तर राउटरने व्हीपीएनमधून आलेला माल स्वतःच्या नावाने पुढे पाठवायला हवा. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये तो 'मास्करेडिंग'चा टिक असतो, आणि व्हीपीएनच्या झोनमधून वॅनकडे फॉरवर्डिंगची परवानगीही लागते. घरातला कॅमेरा दिसतोय पण गुगल उघडत नाही, असं असेल तर थेट इथेच जा. गुगल आयपीने उघडतंय, नावाने नाही, तर डीएनएसच्या रकान्यात घरच्या राउटरचा पत्ता घाला.

पानं अर्धवट लटकतात त्याचं गणित छोटं आहे. नेहमीचं पॅकेट १५०० बाइटचं. वायरगार्ड स्वतःचं वेष्टण चढवतो ते जास्तीत जास्त ८० बाइटचं, म्हणून त्याचा नेहमीचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२०. पण घरची जोडणी पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने लागणारी) असेल तर मूळ पॅकेटच १४९२ चं. वाटेत आणखी कुणी काही गुंडाळत असेल तर आणखी कमी. छोटी पॅकेटं निघून जातात, मोठी अडकतात, आणि वाटतं बँकेची साइटच बंद आहे. दोन्ही टोकांना एमटीयू १२८० करून बघा. फरक पडला तर निदान पक्कं. नंतर हळूहळू वाढवत न्या, किंवा तसंच राहू द्या, फारसं काही बिघडत नाही.

इतक्या लांबून दुरुस्ती

सीजीनॅट निघालं आणि कंपनी पब्लिक आयपी देत नाही, तर घराला बाहेरून हाक मारायचा नाद सोडा. घरालाच बाहेर हाक मारू द्या. माझ्या मते भारतातल्या घरासाठी हाच पहिला पर्याय असावा, पोर्ट फॉरवर्डिंग दुसरा.

त्याचा सोपा मार्ग टेलस्केल. तो आतून वायरगार्डच वापरतो, पण दोन्ही टोकं आधी त्याच्या सर्व्हरशी बोलतात आणि एकमेकांपर्यंतचा रस्ता शोधतात. थेट रस्ता नाहीच सापडला तर माल मधल्या रिलेवरून जातो. घरी एखादं कायम चालू राहणारं यंत्र हवं: रास्पबेरी पाय, नास, अँड्रॉइडचा टीव्ही बॉक्स. जुना फोनही चालतो, पण बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अँड्रॉइड तो रात्री झोपवून टाकतो, ते सेटिंग बंद करायला हवं. टीव्हीवर हे परदेशातूनही बसवता येतं. आई प्ले स्टोअरमधून ॲप घेते, पडद्यावर क्यूआर कोड येतो, त्याचा फोटो तिने व्हॉट्सॲपवर पाठवला की लॉगिन तुम्ही तुमच्या बाजूने करता. मग त्या यंत्राला एक्झिट नोड (तुमचा डेटा जिथून इंटरनेटवर जाईल ते टोक) करायचं, आणि टेलस्केलच्या वेबवरच्या पानात त्याला मंजुरी द्यायची. ही मंजुरी हमखास राहते. त्याच पानात घरच्या यंत्राची 'की एक्स्पायरी' बंद करून टाका, नाहीतर मूळ सेटिंगप्रमाणे १८० दिवसांनी ते यंत्र पुन्हा लॉगिन मागेल, आणि तेव्हा ते कुठे मागितलं जातंय हे कुणाच्या लक्षात येणार नाही. टेलस्केलमध्ये १०० ने सुरू होणारे पत्ते दिसले तर दचकू नका, तो हीच पट्टी आपल्या कामासाठी वापरतो.

ज्यांना तिसऱ्या कंपनीवर विसंबायचं नाही त्यांनी मुंबईच्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने घ्यावा. त्याला पब्लिक आयपी असतो. घरचा राउटर त्याला वायरगार्डने जोडला जातो, तुमचा फोनही त्यालाच. घराच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ ठेवायला विसरू नका: दर २५ सेकंदांनी एक बारीक पॅकेट गेलं की कंपनीच्या नॅटमधला माग पुसला जात नाही.

घरच्या लॅपटॉपवर एनीडेस्क हे दुरून स्क्रीन चालवायचं ॲप टाकून सगळं स्वतः करण्याचा मोह होतो. हरकत नाही, फक्त काम झाल्यावर ते काढून टाका. या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं. 'कुणी सांगितलं तरी असलं ॲप घ्यायचं नाही' हे आपणच आईबाबांना शिकवलेलं असतं, तेव्हा फोनवर बाबांनी "तूच बोलतोयस ना रे?" असं दोनदा विचारलं तर वैतागू नका.

राउटरवर दुरून बदल करताना एका वेळी एकच करा, आणि आधी सेटिंगचा बॅकअप उतरवून घ्या. ओपनडब्ल्यूआरटीच्या वेब पानात केलेला बदल तुमचाच रस्ता तोडत असेल तर तो काही सेकंदांनी आपोआप मागे घेतला जातो. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये त्यासाठी सेफ मोड आहे. बाजारातल्या साध्या राउटरांत यातलं काही नसतं; तिथे फायरवॉलचा एक चुकीचा टिक म्हणजे पुढच्या सुट्टीपर्यंत कुलूप. आणि कितीही अडलं तरी राउटरचं ॲडमिन पान इंटरनेटवर उघडं ठेवू नका. इंटरनेटवर अशी पानं शोधत फिरणारे प्रोग्राम चोवीस तास चालू असतात.

जुन्या राउटरवरचा पीपीटीपी व्हीपीएन चालवायचा प्रयत्न चालला असेल तर तो सोडून द्या. ॲपलने तो २०१६ मध्ये काढला, अँड्रॉइड १२ पासून त्यात नवा जोडता येत नाही, आणि त्याची सुरक्षा कधीच मोडीत निघाली आहे.

काही देशांत अडचण तांत्रिक नसते. चीनमध्ये वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएन त्यांच्या रहदारीच्या ठेवणीवरून ओळखून अडवले जातात, पोर्ट बदलून भागत नाही. तिथे भारतातल्या सिमचं रोमिंग हाच सरळ मार्ग. आपली माणसं खूप असलेल्या दुबई-अबूधाबीत व्हीपीएन सरसकट बेकायदा नाही. पण २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता फसवा दाखवला तर कैद, ५ लाख ते २० लाख दिरहम दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तिथे व्हॉट्सॲप कॉल बंद आहेत म्हणून व्हीपीएन लावणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचून ठेवावा.

सगळं जुळल्यावर शेवटची तक्रार येते ती वेगाची. व्हीपीएनमधून तुम्हाला मिळणारा डाउनलोड म्हणजे घरचा अपलोड, त्यामुळे तुमच्याकडे १००० एमबीपीएस असले आणि घरी अपलोड ३० असला तर मिळणार ३०च. मुंबई ते फ्रँकफर्ट जाऊन येण्यात शंभरावर मिलिसेकंद जातात, अमेरिकेला त्याच्या दुप्पट किंवा जास्त, आणि ते कुठल्याही सेटिंगने कमी होत नाहीत. राउटरचा प्रोसेसर साधा असेल तर ओपनव्हीपीएन त्याला दमवतो, वायरगार्ड बराच हलका पडतो. कॅमेऱ्याचं चित्र तरीही अडखळत असेल तर ॲपमध्ये मेन स्ट्रीमऐवजी सब स्ट्रीम (कमी दर्जाचं हलकं चित्र) निवडा. दारात कोण उभं आहे ते तेवढ्यात नीट दिसतं.